पाहुणा का घरचा

परवा बेसिनखालून एक मोठं झुरळ बाहेर आलं, फरशीच्या मधोमध थांबलं आणि मिशा हलवत उभं राहिलं. माझी नवी रूममेट ओरडत पलंगावर चढली. मी वाकून त्याच्या मानेकडे पाहिलं. मानेवर पिवळी कड होती. "पाहुणा आहे," मी म्हणाले. "खालून आलाय. घरचा नाही." रूममेट माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिली, त्याच नजरेनं मी कधीकाळी वानखेडेबाईंकडे पाहिलं होतं.

हिंगोलीला एका संस्थेच्या इंग्रजी शाळेत मी शिकवत होते. राहायला त्याच संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहातली एक खोली मिळाली, आणि त्या बदल्यात संध्याकाळी मुलींच्या अभ्यासाला बसायचं असं ठरलं. मुली अकरावी-बारावीच्या, आजूबाजूच्या गावांतून आलेल्या. कुणी डोंगरकड्याची, कुणी शिरड शहापूरची, कुणी कनेरगाव नाक्याकडची. वानखेडेबाई तिथल्या रेक्टर.

बाई मूळच्या रिसोडकडच्या. त्यांचं बोलणं इथल्या मुलींपेक्षाही वेगळं होतं आणि माझ्या नांदेडच्या कॉन्व्हेंटमधल्या मराठीला तर ते सुरुवातीला नीट कळतही नसे. अंगानं भरलेल्या, पाय कायम सुजलेले. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या की समोर एक बादली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवायच्या. गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेली बॅटरी. दिवसासुद्धा. एकदा कुणी पाहुण्या बाईंनी ते काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "स्टेथोस्कोप हाये." आणि एक वाक्य दर थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नाही, असंच: "मी थकली बाप्पा." मुलीला रागावतानाही मध्येच जांभई यायची. मग रागवायचं राहिलेलं त्या हातानं दाखवायच्या, आणि मुलीला ते बरोबर कळायचं.

मी गेले त्याच संध्याकाळी बादली घेऊन न्हाणीच्या दाराबाहेर उभी होते. आत नळाच्या तोटीवर ते बसलं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस, तेल लावल्यासारखं चकाकणारं. ओरडायची मला सवय नाही. मी नुसती उभी राहते.

"काहून उभ्या मॅडम?"

"आत कॉक्रोच आहे."

"मोठं का बारीक?"

"मोठं. खूप मोठं."

"तांबूस का भुरकट?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. बाई मला बाजूला सारून आत गेल्या, बॅटरी लावली आणि म्हणाल्या, "या इकडं. पाहून घ्या एकदा, मंग जिंदगीभर तकलीफ न्हाई. मानेवर पिवळी कड दिसते? चष्म्याच्या काडीवानी? हा पाहुणा हाये. घरचा न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जे बारीक असतं, भुरकट, आणि पाठीवर ज्याच्या दोन काळ्या रेघा असतात, ते घरचं. ते गॅसखाली, डब्यांच्या मागं, फ्रिजच्या रबरात राहतं आणि तिथंच पोरंबाळं करतं. ते एक दिसलं तरी आपलं काहीतरी चुकतंय असं समजायचं. हे मोठं मात्र बाहेरचं. चेंबरात राहतं, गटारात राहतं. तिथं उकडायला लागलं किंवा पाणी भरलं की वर येतं आणि वाट चुकतं. "त्याले तुमी नको असता, तुमाले तो नको असतो. उगा दोघंबी घाबरून राह्यता."

त्यांनी न्हाणीतला प्लास्टिकचा मग पालथा घालून त्याला झाकलं, खालून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला आणि सगळं तसंच धरून भिंतीपलीकडे रिकामं केलं. बाई झुरळांना मारत नव्हत्या असं नाही. चप्पल बसली तर बसली. पण मागं धावत नव्हत्या. "धावायचं वय त्याचं हाये, माह्यं न्हाई."

दिवेलागणीला त्यांची एक फेरी असायची. प्रत्येक न्हाणीत जाऊन पाणी जायच्या भोकावर स्टीलची ताटली पालथी घालायची आणि वर दगड ठेवायचा. ह्याला "दार लावणं" म्हणायचं. जेवणाच्या रांगेत त्या एकेका खोलीला विचारायच्या, "दार लावलं का?" आणि नवीन मुलगी असेल तर ती भाबडेपणानं खोलीच्या दाराकडे पाहायची. मग बाकीच्या हसायच्या. मुली पाठीमागं त्यांना झिंगूरबाई म्हणत. बाईंच्या तोंडी झुरळ हा शब्द कधी आला नाही, झिंगूरच. ह्या शब्दानं पुढं काय गोंधळ केला ते सांगायचंच आहे.

त्याआधी पांढऱ्याची गोष्ट. एका सकाळी कोपऱ्यातल्या खोलीतून मुली किंचाळत बाहेर आल्या. पुस्तकांच्या फळीवर अख्खं पांढरं झुरळ होतं, दुधाच्या सायीसारखं, नुसते डोळे काळे. कुणी म्हणालं, विषारी आहे. एक म्हणाली, हे दिसणं चांगलं नसतं, तिच्या आत्याच्या घरी असंच दिसलं होतं. बाई आल्या, फळीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कपडे बदलून राहिलं ते! जुनी कातडी टाकली, नवीचा रंग चढायचाय अजून. व्हा बाहेर साऱ्याजणी. तुमी कपडे बदलताना कोनी असं येऊन पाह्यलं तं चालंल का?"

आणि खरंच सगळ्यांना बाहेर काढून दार लोटून घेतलं. दुपारी आम्ही पाहिलं तर फळीवर तांबूस झुरळ होतं, शेजारी रिकामं टरफल. एक मुलगी म्हणाली, "बाई, आता युनिफॉर्म घातला." त्या दिवशी बाई पहिल्यांदा मोकळ्या हसताना दिसल्या. हसल्यावर जास्तच दमल्यासारख्या दिसायच्या.

हे सगळं त्यांना कुठून माहीत, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या. बरीच वर्षं विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवलं. मान्यता आज येईल, उद्या येईल म्हणत राहिल्या, ती आली नाही. मग ही जागा घेतली. "मानसं शिकवायची राह्यली, झिंगूरच शिकवून राहिली," एवढंच त्या म्हणाल्या. मी जास्त विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही आणि सांगणं त्यांना आवडत नव्हतं, त्यामुळं आमचं बरं चाललं.

पाहुणे इतके का येतात, ह्याचं कारण बाईंनी केव्हाच शोधलं होतं. मागच्या बाजूला चेंबरचं झाकण होतं, ते कुठल्याशा टेम्पोच्या चाकाखाली फुटलेलं. अर्धं भोक उघडं. तेवढं झाकण बसवलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्या संस्थेच्या सचिवांना फोन करायच्या. सचिव परभणीकडचे, सभांमधून हिंदी झाडायची हौस असलेले. बाई फोन स्पीकरवर ठेवायच्या, कारण कानाला धरून हात दुखायचा.

"साहेब, झिंगूर लय झाले. पोरी झोपत न्हाईत."

"हो का? बघतो बाई, बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. दोनच दिवसांत विळे घेऊन माणसं आली आणि वसतिगृहाच्या आवारातलं सगळं गवत कापून गेली. आम्हाला कळेना. मग सचिवांचाच फोन आला. "काय वानखेडेबाई, झालं ना शांत? आता किर्रकिर्र नाही ना येत?"

बाई फोनकडे पाहत राहिल्या. सचिवांच्या हिंदीत झिंगूर म्हणजे रातकिडा. रिसोडकडे झिंगूर म्हणजे झुरळ. बाई म्हणाल्या, "साहेब, ते झिंगूर न्हाई. दुसरं झिंगूर." सचिव म्हणाले, "दुसऱ्याचंही बघू," आणि फोन ठेवला. बाईंनी पाय पुन्हा बादलीवर घेतले. "गवत तरी कापून झालं," त्या म्हणाल्या. "मी थकली बाप्पा."

दुसऱ्या झिंगुरासाठी मारायच्या औषधाचा एक डबा आला. ते फवारल्यावर चेंबरातले सगळेच्या सगळे वर आले. जिन्यात, व्हरांड्यात, मुलींच्या वाळत घातलेल्या ओढण्यांवर. बाईंनी तो डबा जिन्याखाली ढकलून दिला आणि परत कधी काढला नाही.

बाईंना आता जायचं होतं. हे सगळ्या मुलींना माहीत होतं. त्यांच्या कॉटखाली एक बॅग अर्धी भरून ठेवलेली असायची. दर रविवारी रिसोडहून बहिणीचा फोन यायचा आणि बाई सांगायच्या, "दिवाळीले येतो. ह्या दिवाळीले पक्कं. मंग न्हाई जात परत." गुडघे गेले होते. जिना चढताना मध्ये थांबून त्या कठड्याला धरायच्या आणि खाली पाहायच्या, जणू काही पडलंय ते शोधताहेत.

निलोफर आमच्याकडे आली ती अकरावीला. शिरड शहापूरची. वडील रशीदभाई गाद्या-रजया भरून द्यायचे. सोडायला आले तेव्हा लेकीची गादी स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढले, कॉटवर टाकली आणि चारी कोपरे दाबून पाहिले. त्यांच्या गल्लीतली बाहेर राहून शिकणारी ती पहिलीच मुलगी. घरात चुलत्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. रशीदभाईंनी त्यांना एकच कबूल केलं होतं: जराशी जरी तकलीफ झाली तरी पोरगी घरी, आणि शिक्षण बंद. हे त्यांनी बाईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"सफाई बराबर हाय ना, बाई? बाकी कायबी चालंल. आमच्या घरच्यांना बोट ठेवायला जागा नगं."

"मोठं झिंगूर दिसंल एखांदं," बाई म्हणाल्या. "खोटं सांगत न्हाई. ते पाहुणं असते, येते आन जाते. घरचं एक न्हाई इथं. शब्द देतो तुमाले."

रशीदभाई एकदम हसले. "झिंगूर! हे तं आमच्या घरातलं बोलनं हाय. इथं कोनाला कळत न्हाई."

त्या दोघांना एकमेकांचा भरवसा वाटला तो बहुधा त्या शब्दावरून. एवढ्या गावात तो दोघांनाच बरोबर कळत होता.

निलोफर हुशार होती असं मी म्हणणार नाही. चिकट होती. न समजलेलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचायची, ओठ हलवत. तिला नर्सिंगला जायचं होतं. संध्याकाळी मी घ्यायचे त्या इंग्रजीच्या तासाला हात वर करायची नाही, तास संपल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. मला ते ओळखीचं होतं. मी दार थोडं उघडं ठेवायला लागले.

ती बारावीत गेली त्या ऑक्टोबरात फार उकाडा होता. मुली कॉट सोडून फरशीवर, भिंतीकडे डोकी करून झोपायच्या. एका पहाटे निलोफर डोकं धरून व्हरांड्यात बसलेली दिसली. रडत नव्हती, पण चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, कानात काहीतरी चालून राहिलं."

बाईंनी तिला कुशीवर निजवलं, खोबरेल तेल कोमट करून कानात सोडलं आणि तिच्या गालावर हात ठेवून बसल्या. "हलू नको. ते तुह्यापेक्षा जास्ती घाबरलंय. बाहेरचा रस्ता शोधून राहिलं बिचारं." थोड्या वेळानं निलोफर म्हणाली, "थांबलं." मग आम्ही तिघी ऑटोनं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ते चिमट्यानं काढलं, कान तपासला, पडदा ठीक आहे म्हणाले. आम्ही निघालो तर बाई तिथंच उभ्या.

"डॉक्टर, ते द्या मले."

"घरी नेऊन काय करता, बाई?"

"पाहायचंय."

कापसाच्या बोळ्यावर ते घेऊन त्या खिडकीशी गेल्या. भर उजेडात बॅटरी लावली. डाळीच्या दाण्याहून थोडं मोठं, तांबूस. बाईंनी काडीनं ते उलटं-सुलटं केलं.

"रेघा न्हाईत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे घरचं नाही ना?" मी म्हणाले. "मग बरं झालं."

"बरं न्हाई झालं, मॅडम." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं व्हावं लागलं. "पंख फुटले न्हाईत अजून. पोर हाये हे. मोठ्याचं पोर. एवढूसं पोर चेंबरातून जिना चढून वर येत न्हाई. हे वरच जन्मलं." कापूस त्यांनी मुठीत मिटला. "पाहुणे बिऱ्हाड मांडून बसले आन मले पत्ता न्हाई."

परतताना ऑटोत त्या एकदाच बोलल्या. "मोठं घरात राह्यतच न्हाई, असं पुस्तकात कुठंबी न्हवतं. ते मी माह्या मनानं ठरवलं. बरं पडत होतं तसं."

निलोफरनं घरी फोन केला नव्हता, पण तिच्या खोलीतल्या कुणीतरी केला. दुपारी रशीदभाई मोटरसायकलवर आले. निलोफरची पेटी तिनं स्वतःच बाहेर आणून ठेवली होती. तिला न सांगताच कळलं असावं. ती पेटीवर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत होती.

रशीदभाई बसले नाहीत. "बाई, तुमची चूक म्हनत न्हाई मी. पन भाऊ म्हनतेत, आत्ताच्या आत्ता घेऊन ये. काय बोलू त्यांच्याशी?" मग ते जरा जवळ आले. "ते बाहेरूनच आलं असंल ना? पाहुणं. तुमी म्हनाल्या व्हत्या. तेवढं तुमी फोनवर सांगा भावाला, का बाहेरून आलं, खिडकी उघडी व्हती, झालं. मी बाकीचं बगतो."

मला तेव्हा कळलं की हा माणूस लेकीला न्यायला आलेला नाही. तिला ठेवायचं कारण मागायला आलाय. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. त्यांच्या हातात फोन दिलासुद्धा होता.

बाईंनी फोन परत केला.

"न्हाई रशीदभाई. बाहेरून न्हाई आलं. घरचंच निघालं. मी शब्द दिला तो चुकला."

निलोफरचा अंगठा थांबला. रशीदभाईंनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "मंग कुठून?"

"तेच शोधायचंय. माह्या एकटीनं व्हत न्हाई. पाय उचलत न्हाईत आता."

रशीदभाईंनी चपला काढल्या. वर जाऊन आधी स्वतःच्या हातानं भरलेली गादी उसवल्यासारखी तपासली, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "गादीत न्हाई." हे त्यांना आधी पक्कं करायचं होतं. मग कॉट ओढली, भिंत पाहिली. भिंतीत खाली एक फट होती, विजेची वायर पलीकडे गेलेली. पलीकडं संस्थेची खोली, कायम कुलूपबंद. तिथं कॉलेजच्या जुन्या उत्तरपत्रिका ठेवलेल्या होत्या. किल्ली बाईंकडे असायची, पण उघडायची नाही असं सचिवांचं सांगणं होतं.

बाईंनी किल्ली काढली.

छतापर्यंत गठ्ठे. पुठ्ठ्याची खोकी, ओल लागून फुगलेली. बॅटरीचा झोत पडला तशी सगळी भिंत हलल्यासारखी वाटली. मोठे, मधले, अगदी बारके, सगळ्या वयाचे. खोक्यांच्या कडांना तपकिरी चकाकत्या डब्या चिकटलेल्या, लहानशा चिंचोक्यासारख्या. एकेका डबीत अंडी. मुली पुढं त्यांना 'पर्स' म्हणायला लागल्या. कागद होता, खळ होती, ओल होती आणि कुणी येत नव्हतं. त्यांना आणखी काय हवं होतं?

"लय वर्सं झाले असतील," बाई म्हणाल्या. जणू त्यांचा हिशेब चालला होता की आपण इथं आल्यापासूनचीच ही वर्षं.

सगळं बाहेर काढलं. रशीदभाई गठ्ठे खांद्यावर टाकून आवारात नेत होते, मुली झाडू घेऊन दोन्ही बाजूंना उभ्या, मी बादल्यांतून साबणाचं पाणी आणत होते. बाई मध्ये खुर्चीत बसून कुठलं खोकं जाळायचं, कुठलं झटकून ठेवायचं ते हातानं दाखवत होत्या. उन्हात जुन्या उत्तरपत्रिका पसरल्या तेवढ्यात सचिवांची गाडी आली.

"हे काय चाललंय? संस्थेचे कागद उघड्यावर? कुणाच्या परवानगीनं?"

"झिंगूर, साहेब," बाई म्हणाल्या.

"पुन्हा झिंगूर! गवत कापून दिलं ना? रातकिड्यांसाठी तुम्ही रेकॉर्ड रूम उघडता?"

बाईंनी डोळे मिटले. समजावून सांगण्याइतकंही बळ त्यांच्याकडे आता उरलं नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, "सर, झिंगूर म्हणजे कॉक्रोच."

"काय?"

"कॉक्रोच, सर."

नेमकं त्याच वेळी एक झुरळ गठ्ठ्याखालून निघून त्यांच्या बुटावर चढलं. सचिव मागं सरले ते थेट गाडीच्या दारापर्यंत. "अरे बाप रे! कॉक्रोच? मग आधी सांगायचं ना, बाई! मुलींच्या होस्टेलमध्ये कॉक्रोच?"

बाई हसायला लागल्या. आवाज न करता, नुसत्या हलत. इतक्या की गळ्यातली बॅटरी हलायला लागली. रशीदभाईंना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तेही तोंडावर रुमाल धरून वळले.

संध्याकाळी हात-पाय धुऊन रशीदभाई व्हरांड्यात उभे राहिले. पेटी अजून तिथंच होती.

"मी घरी खरं सांगनार," ते म्हणाले. "आमच्यात भांडन व्हईल, व्हऊ द्या. भाऊ ईचारतील, कोनाच्या भरवशावर ठेवली. मला एवढंच सांगा बाई, हिची परीक्षा व्हईपर्यंत तुमी इथं हाय का? दुसरं कोनी असलं तं मी ठेवत न्हाई. दुसरं कोनी असतं तं मला सांगितलं असतं, बाहेरून आलं म्हनून."

दिवाळी तोंडावर आली होती. कॉटखालची बॅग त्या आठवड्यात जवळजवळ भरली होती, मी पाहिली होती. बाईंनी निलोफरकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"हाये मी," त्या म्हणाल्या. "पेटी आत ने पोरी. वाटेत कोनी अडखळंल."

रविवारी फोन आला तेव्हा मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. स्पीकर लावलेलाच होता.

"दिवाळीले न्हाई येत," बाई म्हणाल्या. "परीक्षा हाये."

"तुही?" बहिणीनं विचारलं.

"हाव. माहीच."

चेंबरचं झाकण आलं. ते भोकापेक्षा थोडं लहान होतं, म्हणून एका बाजूला फट राहिली आणि तिथं बाईंनी ओलं पोतं कोंबलं. ते महिन्या-दोन महिन्यांनी कुजायचं, मग दुसरं. गठ्ठे संस्थेनं दुसरीकडे हलवले. भिंतीतली फट मुलींनी सिमेंट कालवून बुजवली, त्यात एकीनं काडीनं तारीख घातली. पाहुणे कमी झाले, पण यायचे थांबले नाहीत. कधी थांबत असतील असं मला वाटत नाही. बदल एवढाच झाला की बाई आता 'घरचा न्हाई' असं खात्रीनं सांगत नव्हत्या. आधी वाकून पाहायच्या. पंख आहेत का, मानेवर कड आहे का. मग कठड्याला धरून हळूच सरळ व्हायच्या.

जानेवारीनंतर त्यांना जिना चढणं होईना. दिवेलागणीची फेरी निलोफर करायला लागली. वरून तिचा आवाज यायचा, "लावलं, बाई!" आणि बाई खालून म्हणायच्या, "दगड?" मग थोडी शांतता, धावत्या पावलांचा आवाज, आणि "ठेवला!" कधी कधी बाई मध्येच डुलकी घ्यायच्या, बादलीवरचे पाय घसरायचे, आणि जाग आल्यावर पहिलं विचारायच्या, "निलोफर अभ्यास करून राहिली ना?" जणू त्यांना झोप लागली म्हणून तिला कुणीतरी घेऊन जाणार होतं.

तिचे सगळे पेपर झाले. शेवटच्या पेपरला रशीदभाई घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लहानशी उशी होती, निळ्या खोळीची, टणक भरलेली. "बादलीवर पाय ठेवू नका आता," ते म्हणाले. बाईंनी उशी दाबून पाहिली, जशी रशीदभाईंनी गादी दाबली होती तशीच. "बराबर हाये," म्हणाल्या. निलोफर रडली. बाई रडल्या नाहीत. जांभई आली त्यांना, आणि निलोफर रडता रडता हसली. आज ती परभणीला नर्सिंग करते. मधूनमधून मला मेसेज करते, इंग्रजीत, चुका करत, पण पूर्ण वाक्यांत.

निलोफर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना रिसोडच्या गाडीत बसवून द्यायला मी गेले. निघण्याआधी त्यांनी आवारात बॅग पूर्ण रिकामी करून उलटी केली, झटकली, शिवणी तपासल्या. "बहिनीच्या घरी झिंगूर घेऊन जायचे व्हय?" स्टँडवर फार गर्दी नव्हती. खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण काचेतून ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

"दार लावत जा," त्या आतून म्हणाल्या. मी मान हलवली.

गाडी अजून सुटायची होती. कंडक्टर खाली चहा पीत होता. मी वर पाहिलं तर बाई झोपल्या होत्या. निळी उशी खिडकीला टेकवून तिच्यावर डोकं ठेवलेलं, तोंड थोडं उघडं. इतकी गाढ झोप मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. गळ्यातली बॅटरी चालूच राहिली होती, बॅग झटकताना लावली असेल. भर उन्हात तिचा फिका गोल समोरच्या सीटच्या पाठीवर पडला होता, श्वासाबरोबर थोडा वर, थोडा खाली.

काचेवर टकटक करून सांगावं असं मला वाटलं. मी हात उचललाही. मग तसाच खाली घेतला, आणि गाडी वळून जाईपर्यंत उभी राहिले.